कुणातलाच नसलेला आमदार

चंदर उतेकर आमदार म्हणून निवडून आले त्या दिवशी त्यांच्या बायकोचं तेरावं होतं. मतमोजणी तालुक्याला सरकारी गोदामात चालली होती आणि तेराव्याचं जेवण करंजखारला, त्यांच्या घराच्या पडवीत. कार्यकर्ते दोन्हीकडे पळत होते. निकाल लागला तेव्हा चंदर पानावर बसले होते. एकाने आत येऊन कानाशी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि वाढणाऱ्याकडे वरण मागितलं. बाहेर फटाके लावायचे की नाही, यावर पोरांचं एकमत होईना. शेवटी ती गावाबाहेर खाडीच्या बांधावर गेली आणि तिथे लावून आली.

"साहेबांचं काळीज घट्ट हाय," लोक म्हणाले. आमच्या खाडीकाठी चंदरविषयी हे नेहमीच कौतुकाने म्हटलं जायचं. कुणाच्या घरी काहीही झालं, होडी बुडाली, जावई पळाला, आखातात गेलेला मुलगा बेपत्ता झाला, की लोक त्यांच्याकडे यायचे. ते ऐकून घ्यायचे. चेहरा हलायचा नाही. समोरच्याला वाटायचं, हा माणूस घाबरत नाही, म्हणजे काहीतरी मार्ग निघेल. बहुतेक वेळा निघायचाही.

ते मूळचे इकडचे नव्हते. सह्याद्रीच्या पलीकडे त्यांचं गाव होतं आणि ते धरणात गेलं. चंदर तेव्हा सहा-सात वर्षांचे असतील. त्यांचा बाप धाकू उतेकर याने घराची दारं, चौकटी, वासे, सगळं उतरवून ट्रकमध्ये भरलं. आई चुलीपाशी बसून राहिली होती, तिला दोघींनी धरून उठवलं. ट्रकमधल्या बायका घाट उतरेपर्यंत रडत होत्या. चंदरही रडायला लागले तेव्हा बाप एवढंच म्हणाला, "गप. आता रडून पाणी वाढवू नगंस." पुढे आयुष्यात त्यांना कुणी रडताना पाहिलं नाही. ते स्वतः सांगायचे, की बापाच्या धाकाने नव्हे. त्या दिवसानंतर रडू आलंच नाही.

सरकारने जमीन दिली ती करंजखारला. सपाट, काळी, एकही झाड नसलेली, आणि उन्हाळ्यात वर पांढरा थर धरणारी. धाकूने पहिल्याच दिवशी मातीची चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"मीठ हाय ह्येच्यात," तो म्हणाला.

खार जमीन म्हणजे मुळात समुद्राची. खाडीला मातीचा बांध घालून ती अडवून धरलेली. बांधाला एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ते उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला बंद ठेवायचं. घाटावरच्या माणसाला यातलं काहीच माहीत नव्हतं. धाकूने सोबत आणलेलं डोंगरी भात पेरलं. ते हातभर वाढलं आणि टोकापासून करपत गेलं.

गावात आगरी होते, कोळी होते, मुसलमान होते. प्रत्येकाची वेगळी आळी, वेगळी विहीर. नवीन आलेल्यांना सगळे 'धरणवाले' म्हणायचे आणि त्यांना विहीर नव्हती. पहिलं वर्ष त्यांनी मुसलमान आळीतल्या एका घरून पाणी भरलं. ते घर करमअलीच्या आईचं. करमअली चंदरहून चार-पाच वर्षांनी मोठा. खाडीच्या अलीकडे, गोड्या जमिनीवर त्यांची नारळ-सुपारीची वाडी होती, आणि खारात थोडं भात.

दुसऱ्या वर्षी करमअली टोपलीत लालसर भाताचं बी घेऊन धाकूच्या अंगणात आला.

"चाचा, हा राता. मिठाला घाबरत नाय. पण आधी जमीन धुवायची. दोन-तीन पाऊस नुसते साठवायचे नि उघाडीतनं सोडून द्यायचे. मग मोड आणलेलं बी फेकायचं."

"जमीन धुवायची?" धाकूने विचारलं.

"कपडा धुतात तशी."

धाकू हसला. त्या गावात आल्यावर तो पहिल्यांदा हसला, असं चंदर सांगायचे. पण धाकू समुद्राला कधी सरावला नाही. संध्याकाळी पडवीत बसायचा तो खाडीकडे पाठ करून.

चंदर मात्र खारातच वाढले. कुठल्या बाजूला खेकड्यांनी बांध पोखरलाय, अमावास्येच्या उधाणाला पाणी किती चढेल, हे ते करमअलीकडून शिकले. शाळा सातवीपर्यंत झाली. लग्न उशिरा झालं. नलू रोह्याकडच्या धरणवस्तीतली, म्हणजे त्यांच्यासारखीच उठवून आणलेल्यांची मुलगी. ती बडबडी होती. ती म्हणायची, "ह्या घरात मी दोघांचं बोलते आणि दोघांचं रडतेपण." तिला एकच मुलगी झाली, ऋतिका.

ऋतिका पाळण्यात होती त्या वर्षी श्रावणातल्या उधाणाला बांध फुटला. आमच्याकडे त्याला खांड पडली म्हणतात. उभ्या भातात खाडी शिरली. गावाने एकमेकांवर खापर फोडायला सुरुवात केली. आगरी म्हणाले, मुसलमान आळीने उघाडी नीट बसवली नाही. मुसलमान म्हणाले, कोळ्यांनी बांधाला होड्या बांधून तो कमकुवत केला. चंदर कुणाशी बोलले नाहीत. ओहोटी लागल्यावर फावडं घेऊन खांडीत उतरले आणि चिखलाचे गोळे थापायला लागले. थोड्या वेळाने करमअली उतरला. मग भिकू कोळी आपली होडी दगडांनी भरून घेऊन आला. दिवस मावळेपर्यंत अख्खं गाव कमरेएवढ्या चिखलात होतं. पुढच्या काही ओहोट्यांत खांड बुजली. निम्मं भात वाचलं.

त्यानंतर ग्रामपंचायतीची निवडणूक आली. करमअली घरी आला आणि म्हणाला, "चंदर, तू उभा राहा सरपंचाला."

"मी? मी तर बाहेरचा."

"म्हणूनच. आमच्यातला उभा राहिला तर आगरी मत देणार नाय. आगरी राहिला तर कोळी देणार नाय. तू कुणातलाच नायस. तुला सगळी देतील."

नलू आतून म्हणाली, "करमभाय, ह्यांना भाषण कुठं येतंय?"

"भाषण नको, भाभी. गप बसता येतंय, तेवढं पुरे."

तसंच झालं. चंदर सरपंच झाले, पुन्हा झाले. मग जिल्हा परिषदेवर गेले. पाण्याच्या टाक्या, शाळेच्या खोल्या, काशीदच्या बाजूला कोळणींना मासळी सुकवायला ओटे, अशी कामं त्यांच्या हातून झाली. ते फार बोलायचे नाहीत, पण अधिकाऱ्याच्या टेबलासमोर बसले की काम झाल्याशिवाय उठायचे नाहीत. या सगळ्यात नलू घर, शेत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा बघायची. लोकांची नावं, आजारपणं, पोरींची लग्नं तिच्या लक्षात असायची. ती मागे उभी राहून हळूच सांगायची, "ह्यांच्या आईचं ऑपरेशन झालं ना, विचारा." चंदर विचारायचे. माणूस विरघळायचा.

आमदारकीचं तिकीटही तसंच मिळालं. पक्षात दोन मोठे गट होते आणि दोघांनाही समोरच्याचा माणूस नको होता. पक्षाचा जिल्ह्याचा पुढारी प्रज्योत ठाकूर गाडी घेऊन करंजखारला आला आणि पडवीत बसून म्हणाला, "उतेकर, तुमच्या नावाला कुणाचाच विरोध नाही. असं नाव जिल्ह्यात दुसरं नाही."

प्रचार सुरू झाल्यावर काही दिवसांत नलूच्या छातीत दुखायला लागलं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. ऋतिका तेव्हा पालीला शाळेत शिकवायची आणि तिथेच खोली घेऊन राहायची. तिला फोनवर नलू म्हणाली, "पित्त झालंय. रोज परक्यांचा चहा उकळायचा, चव घेऊन घेऊन पित्त होणारच." एका सकाळी ती भांडी घासताना मोरीत कोसळली ती उठलीच नाही. चंदर नागावला होते. वाडीवाल्यांची, पैसे घेऊन घरात पर्यटक ठेवणाऱ्यांची सभा होती. फोन आला तेव्हा ते बोलायला उभे राहिले होते. प्रज्योतने चिठ्ठी दिली. त्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली, आणि सभेला आल्याबद्दल लोकांचे आभार मानून मग खाली उतरले. कुणी म्हणेल पाच वाक्यं, कुणी म्हणेल दहा. ते बोलणं कुणीतरी मोबाईलवर टिपलं होतं. पुढे ते सगळ्या मतदारसंघात फिरलं. 'दुःख बाजूला ठेवून जनतेचा विचार करणारा नेता' असं त्याखाली लिहिलेलं होतं.

ऋतिकानेही ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर चंदरना नेण्यासाठी गाडी दारात उभी होती.

"आबा, आज जाणार?" तिने विचारलं.

"लोक थांबलेत."

"आई नागावच्या त्या लोकांइतका वेळही थांबू शकली नाही. आणि तुम्ही आभार मानत होतात."

चंदर चपला घालून गाडीत बसले. ऋतिका तेराव्यापर्यंत राहिली, सगळं रीतीने केलं, आणि पालीला निघून गेली. त्यानंतर ती फोन उचलायची, पण हो-नाहीपलीकडे बोलायची नाही.

आमदारनिवासातल्या खोलीत चंदर एकटे राहायचे. अधिवेशन नसलं की गावी. सभागृहात मागच्या बाकावर बसायचे. सहीला कागद आला की सही करायचे, हात वर करायची वेळ आली की करायचे. पहिल्यांदा आत गेल्यावर कसं वाटलं, असं करमअलीने विचारलं तेव्हा ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "गार होतं. एसी असतो."

पहिल्याच वर्षी, जूनच्या सुरुवातीला चक्रीवादळ आलं. जग आधीच महामारीने घरात बसलेलं होतं. वादळ दुपारपर्यंत घोंघावलं. नागावपासून काशीदपर्यंत वाड्या आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले. चंदर दुसऱ्या दिवशी तोंडाला मास्क बांधून गावोगाव फिरले. करमअलीच्या वाडीत शिरले तेव्हा त्याने लावलेले नारळ मुळांसकट पडले होते, आणि त्यांच्यावर त्याच्या बापाने लावलेले. करमअलीची बायको सफुरा पडलेल्या झावळ्यांतून मिरीचे वेल सोडवत बसली होती, जसे काही ते पुन्हा लावता येणार होते.

करमअलीने चंदरचा हात धरला. "बघ रे. बघ काय झालं."

"पंचनामा होईल, करमभाय. मी सांगितलंय."

करमअलीने हात सोडला. "पंचनाम्याचं नाय विचारत. तुला काय वाटतं?"

चंदर पडलेल्या झाडांकडे बघत उभे राहिले. खरंच त्यांना काही वाटत नव्हतं. वाटायला हवं, एवढं कळत होतं. "होईल नीट," ते म्हणाले, आणि पुढच्या गावाला गेले.

त्याच वादळात करंजखारचा बांध फुटला होता. खांड जुन्या खांडीच्या दुप्पट होती. चार दिवसांनी करमअली, भिकू आणि आगरी आळीतले दहा-पंधरा जण चंदरच्या पडवीत आले.

"उधाण उतरलंय," भिकू म्हणाला. "होड्या हायेत, दगड हाय. तू उतर, मंजे सगला गाव उतरंल. दहा दिसांत बुजवू."

चंदर म्हणाले, "थांबा. आता मी आमदार आहे. पक्का बांध करून घेतो. दगडी, वर सिमेंट. पुन्हा फुटणार नाही."

"ते होईल तेव्हा होईल. आता मातीचा घालू."

"तुम्ही मातीचा घातला तर खातं म्हणेल, बांध आहेच, मंजुरी कशाला? पाहणी होईपर्यंत खांड तशीच दिसली पाहिजे."

करमअली म्हणाला, "चंदर, पाणी थांबत नसतं."

"एक वर्ष. एकच पीक जाईल."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पूर्वीचं गाव असतं तर भांडलं असतं. पण समोर आमदार होता, आणि तो त्यांनीच केलेला. ते उठून गेले.

पाहणी झाली. अंदाजपत्रक झालं. ते मुंबईला गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. महामारीमुळे पैसा दुसरीकडे वळला, असं सांगण्यात आलं. चंदर प्रत्येक टेबलापुढे पूर्वीसारखेच बसायचे, पण इथली टेबलं संपत नव्हती. सरकार बदललं, मंत्री बदलले, त्यांचा पक्षही मध्येच फुटला, आणि दोन्ही बाजूंनी त्यांना फोन आले. ज्यांनी बांधाचं नाव काढलं त्यांच्याकडे ते गेले. त्या बाजूनेही पुढे काही केलं नाही.

मग त्यांनी सभागृहात प्रश्न लावला. करंजखारचा बांध फुटला हे खरे आहे काय. असल्यास, त्यामुळे शेतकऱ्यांचे नुकसान झाले हे खरे आहे काय. असल्यास, विलंबाची कारणे काय. छापील उत्तर आलं: होय. अंशतः खरे आहे. प्रश्न उद्भवत नाही.

खोलीवर परतल्यावर त्यांनी ते उत्तर करमअलीला फोनवर वाचून दाखवलं.

"शेवटचं काय म्हणालास?" पलीकडून करमअलीने विचारलं.

"प्रश्न उद्भवत नाही."

"बरं," करमअली म्हणाला. "जेवलास काय?"

तोवर तिसरा पावसाळा सरला होता. भरती रोज शेतात यायची आणि जाताना तिवरांचं बी ठेवून जायची. आधी चिखलात हिरव्या काड्या दिसल्या. मग गुडघाभर झुडपं. मग जिथे राता डुलायचा तिथे अख्खं खारफुटीचं रान उभं राहिलं, त्यात बगळे आले, आणि मुंबईहून पक्ष्यांचे फोटो काढणारे आले. अखेर बांधाला मंजुरी मिळाली. आखणी करायला माणसं आली, रान पाहून थांबली. त्यांचा साहेब समजूतदार होता. त्याने चंदरना बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, आता हे कांदळवन झालं. सातबारा तुमचा असला तरी एक फांदी तोडली तर गुन्हा. बांध घातला तर हे मरेल, म्हणून बांधही नाही. पहिल्या वर्षी झालं असतं, तर प्रश्नच नव्हता."

"हो," चंदर म्हणाले.

पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळालं नाही. प्रज्योतने फोनवर सांगितलं, "तुमच्यावर कुणाचा राग नाही, उतेकर. पण तुमच्यासाठी आग्रह धरणारंही कुणी नाही." त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. आमदारनिवासातली खोली रिकामी केली. एका बॅगेत सामान मावलं.

ग्रामसभा होती त्या दिवशी ते शाळेत गेले आणि मागे बसले. सरपंच आता तेजस्वी म्हात्रे होती, आगरी आळीतली. तिने त्यांना पुढे बोलावलं. ते उभे राहिले.

"खांड पडली तेव्हा तुम्ही बुजवायला आला होतात," ते म्हणाले. "मी थांबवलं. जमीन माझ्यामुळे गेली. हे एकदा सांगायचं होतं."

पंखा चालू होता. त्यांना वाटलं होतं कुणीतरी उठेल, शिव्या देईल, निदान भिकू. भिकूने खाली मान घातली. शेवटी तेजस्वी म्हणाली, "साहेब, बसा ना. चहा घ्या." आणि नळाच्या वाहिनीचा विषय पुढे सुरू झाला.

सभा संपल्यावर करमअली त्यांच्यासोबत घरापर्यंत चालत आला. आता त्याला काठी लागते. दोघे पडवीत बसले.

"मला एक कळत न्हाई, करमभाय," चंदर म्हणाले. खूप वर्षांनी त्यांच्या तोंडी घाटावरची बोली आली होती. "बा मेला, नलू गेली, ही जमीन गेली. मला समदं दिसतंय. पर लागत न्हाई कुठं. हे आसं सगळ्यांना होतं का?"

करमअलीने काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "सगळ्यांना नाय होत. पण तुला होतं हे मला ठाऊक होतं. त्याच्यावरच तुला उभा केला मी." तो उठला. जाता जाता म्हणाला, "ऋतिकाला फोन कर."

चंदरनी फोन केला नाही. तो करमअलीनेच केला असावा, कारण पुढच्या रविवारी ऋतिका आली. घरात ओल धरली होती. तिने गाद्या उन्हात टाकल्या, डबे घासले, नलूच्या साड्या बाहेर काढून दोन आपल्यासाठी ठेवल्या आणि बाकीच्या सफुराचाचीकडे दिल्या. दुपारी जेवताना तिने विचारलं, "आबा, नागावला चिठ्ठी वाचल्यावर तुमच्या मनात काय आलं? खरं सांगा."

चंदर जेवायचे थांबले. "काहीच आलं नाही. पुढे काय बोलायचं ते पाठ होतं, ते बोललो. खाली उतरल्यावर गाडीत बसलो. वाटेत ड्रायव्हर रडत होता. मी त्याला म्हटलं, गाडी नीट चालव."

"आणि घरी आल्यावर?"

"तिच्या हाताला भांडी घासायची राख होती. ती मी पुसली. तेवढं आठवतं."

ऋतिका त्यांच्याकडे बघत राहिली. हे तिला माहीत नव्हतं. मग तिने डोळ्यांना पदर लावला आणि बराच वेळ रडली. चंदर समोर बसून होते. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो कसा ठेवायचा हे नीट माहीत नसल्यासारखा तो ठेवला होता, पण काढला नाही.

"माझ्याकडे चला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते तिच्याबरोबर पालीच्या एसटीत बसले. कंडक्टर तरुण होता. माजी आमदाराचा पास पाहून तो उभ्यानेच जरा सावरला. "कुठले साहेब तुम्ही?" त्याने विचारलं.

चंदरनी सांगायला तोंड उघडलं, आणि थांबले. ऋतिकाने आपल्या तिकिटाचे पैसे पुढे केले. "एक पाली," ती म्हणाली. कंडक्टर पुढच्या बाकाकडे गेला.

आता ते तिथेच असतात. सकाळी बल्लाळेश्वराच्या तळ्याकडून एक फेरी मारतात, येताना ऋतिकाने सांगितलेली भाजी आणतात. संध्याकाळी तिच्या शाळेतली मुलं शिकवणीला येतात, तेव्हा ते बाहेर ओट्यावर बसतात. शेजारी त्यांना चांगला, शांत माणूस म्हणून ओळखतात. कुणी घरची तक्रार घेऊन आलं तर ते ऐकून घेतात.